नवरा सोबत आणावा

चिंबाले आरोग्य केंद्र
मंगळवार, १२ जानेवारी २०१६

तमांडा,

अक्षर ओळखलं असशील. पाकीट न फोडता फेकू नकोस, निदान वाचून फेक. तू माझा फोन उचलत नाहीस त्याला नऊ वर्षं झाली आणि नऊ वर्षं मीही तोंड शिवून बसले. पण महिन्याभरापूर्वी आमच्या केंद्राच्या भिंतीवर एक कागद लागला आणि त्याखाली तुझी सही आहे. पहिल्या अक्षराची ती लांब शेपटी मी लांबूनही ओळखते. अंगणातल्या मातीत अक्षरं गिरवायला मीच तुला शिकवलं होतं.

कागद असा: गर्भवती बाईने पहिल्या तपासणीला नवऱ्याला सोबत आणावं. दोघांची एचआयव्हीची तपासणी एकत्र व्हावी, म्हणजे घरातला पुरुषही जबाबदारी घेईल, सगळा भार बाईवर पडणार नाही. जोडीने येणाऱ्यांना आधी घ्यावं. वाचून मी मान डोलावली. खोटं कशाला बोलू, अभिमान वाटला. आमच्या धाकटीने देशासाठी नियम लिहिला.

मग रांग सुरू झाली.

तुला ठाऊक नसेल, मी इथे सहा वर्षं मार्गदर्शक आई म्हणून काम करते. म्हणजे मला आजार आहे, मी रोज एक गोळी घेते, गोळी सुरू केल्यावर झालेला माझा धाकटा ठणठणीत आहे, आणि घाबरलेल्या पोरींना बाकावर बसवून मी हे सगळं सांगते. तर तुमच्या कागदात 'जोडीला आधी घ्यावं' एवढंच होतं. आमच्या सिस्टर म्बेवेंनी त्याचं 'एकटीला घेऊच नये' करून टाकलं. जिल्ह्याला आकडे त्यांनाच पाठवायचे असतात, त्यांना तरी किती बोलू? नवरा बाहेरगावी असेल तर गावप्रमुखाची चिठ्ठी आणायची. प्रमुख चिठ्ठी देतात, पण एका कोंबडीच्या बदल्यात. त्यांच्या अंगणात आता पाय ठेवायला जागा नाही.

आज एक मुलगी आली, मवांदिदा. एकोणीस वर्षांची, सहावा महिना. अकरा किलोमीटर चालत.

"नवरा कुठाय?" सिस्टरनी वर न बघता विचारलं.

"जोहान्सबर्गला. ऑक्टोबरात गेला कामाला."

"चिठ्ठी?"

"प्रमुख कोंबडी मागतात, सिस्टर. आमच्या कोंबड्या रोगाने गेल्या."

"मग मी काय करू? नियम मी केलाय?"

नियम तू केलायस, तमांडा. ती मुलगी तशीच परत निघाली. मी तिला फाटकापर्यंत सोडायला गेले, दोन शब्द बोलले आणि आत आले. बाकी काही नाही.

तो कागद बदल. तुझ्या खुर्चीवरून हे एका दुपारचं काम आहे. हे पत्र मिनीबसच्या ड्रायव्हरकडे देते, तो तुझ्या आरोग्य खात्याच्या कचेरीत हातात नेऊन देईल.

तुझी ताई,
एस्नात


मंगळवार, २३ फेब्रुवारी २०१६

तमांडा,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. ड्रायव्हर म्हणाला, "बाईंनी पाकीट घेतलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं." फाडलं नाहीस, चला.

तुला आनंदाची बातमी देते. चिंबालेचे पुरुष सुधारले! दर मंगळवारी बायका नवऱ्यांना घेऊन येतायत. सिस्टर म्बेवे नोंदवही छातीशी धरून फिरतात. मवांदिदासुद्धा नवऱ्याला घेऊन आली. दोघांची तपासणी झाली. नवऱ्याला आजार नाही, तिला आहे. ती रडली नाही. मी तिला गोळ्यांची बाटली दिली, रोज संध्याकाळी मक्याच्या पिठाची न्सिमा ढवळून झाली की भांडं उतरवायच्या आधी घ्यायची, असं सांगितलं. म्हणजे विसरायला होत नाही. बाळाला काही होऊ द्यायचं नसेल तर एकही दिवस चुकवायचा नाही. तिने मला तीनदा विचारलं, "एकही नाही?" मी तीनदा सांगितलं, एकही नाही.

तिच्या आरोग्याच्या वहीत सिस्टरनी लिहिलं: पती उपस्थित, पतीला निकाल सांगितला. छान वळणदार अक्षर आहे सिस्टरचं.

तू म्हणशील, मग ही कुरकुर कसली? कुरकुर नाहीच. फक्त सायकल-टॅक्सीवाला लायसन हल्ली केंद्रात जरा जास्तच दिसतो, आणि माझ्याशी बोलताना हसू दाबतो.

आणि एक. तू मनात म्हणत असशील, हिने आईच्या अंत्यविधीला माझी अब्रू घालवली आणि आता मला नियम शिकवते. मी त्या दिवशी खोटं काही बोलले नव्हते. आईवर करणी झाली म्हणून लोक शेजारच्या म्हातारीचं घर जाळायला निघाले होते. मी उभी राहून सांगितलं की आईला एचआयव्ही होता आणि मलाही आहे. म्हातारी वाचली. तुझ्या होणाऱ्या नवऱ्याचे मामा तिथे बसलेले होते आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी सोयरीक मोडली, यात माझा काय दोष?

असं मी नऊ वर्षं स्वतःला सांगत आले आहे.

एस्नात


बुधवार, ६ एप्रिल २०१६

तमांडा,

तुझं पत्र मिळालं. टाइप केलेलं, वर शिक्का, मायना 'श्रीमती एस्नात'. पुरुषांच्या सहभागात चिंबाले जिल्ह्यात पहिलं आलं. चौदा तारखेला तू पाहुण्यांना घेऊन येणार, आणि आदर्श जोडपं म्हणून नोंदवहीतून मवांदिदा आणि तिच्या नवऱ्याचं नाव निवडलंय, त्यांना सगळ्यांसमोर कमरेला गुंडाळायचं नवं चितेंजे द्यायचं. पत्र मी चार वेळा वाचलं. कुठे एखादा आपला शब्द सापडतो का बघत होते.

आता बस आणि नीट वाच. यापुढे मी काही लपवणार नाही.

मवांदिदाचा तो नवरा म्हणजे लायसन. लायसन आजपर्यंत सतरा जणींचा नवरा झालाय. आणि हे सगळं मी केलं. जानेवारीत फाटकापाशी मी त्या पोरीला जे दोन शब्द बोलले ते हे होते: "लायसनला घेऊन ये." तो झाडाखाली सायकल टेकवून गिऱ्हाइकाची वाट बघत होता. मी त्याला म्हटलं, एवढं अर्धा तास हिचा नवरा हो. तो म्हणाला, "आणि मला काय?" मी म्हटलं, साबणाची वडी. दुसऱ्या मंगळवारी दोघी आल्या, तिसऱ्या मंगळवारी चौघी. दर वेळी त्याचं बोट टोचलं जातं. काल बोट दाखवून म्हणाला, "ताई, चाळणी झाली. आता दुसरा नवरा बघा." मोठ्या गर्दीत चेहरे बघायला सिस्टरना वेळ नसतो. किंवा त्यांनी बघितलं नाही. ते मला माहीत नाही आणि मी विचारलं नाही.

मला वाटलं, नियमालाही खूश ठेवलं आणि पोरींनाही औषध मिळालं. स्वतःला फार हुशार समजले मी. कारण खरे नवरे कुणी तपासलेच नाहीत. वहीत 'पतीला सांगितलं' असं लिहिलंय, म्हणून त्यांना सांगायला कुणी जाणारही नाही. सतरा घरांत एकेक माणूस आजारी आहे का निरोगी, कुणालाच ठाऊक नाही.

आणि आता मवांदिदाचा नवरा बेनेदिक्तो ईस्टरला घरी आला. टोपलीत तिची वही सापडली. त्याने वाचलं, 'पती: लायसन'. निकाल खुणेने लिहिलेला असतो, तो त्याला कळला नाही. आपल्याकडे नवरा बायकोच्या गावी राहतो, तिला घराबाहेर काढायची त्याची सोय नाही. त्याने रीतीप्रमाणे केलं. वही उचलली आणि लग्न लावून देणाऱ्या मामांच्या पुढे पुरावा म्हणून ठेवली. तिच्या मामाने ती आपल्या पेटीत कुलपात टाकली. शनिवारी बैठक आहे, तोवर पुरावा हलवायचा नाही. आणि वही दाखवल्याशिवाय केंद्रात गोळ्या मिळत नाहीत, हे तुला मी सांगायला नको.

तिची बाटली शनिवारी संपली. रविवार, सोमवार, दोन दिवस गोळी चुकली. तिचा नववा महिना लागलाय. मी सिस्टरकडे गेले, म्हटलं, माझ्या जबाबदारीवर द्या. त्या म्हणाल्या, "एस्नात, वही नसताना दिलेली प्रत्येक गोळी मला पाहुण्यांसमोर समजावून सांगावी लागेल." तेव्हा काल संध्याकाळी मी माझ्या बाटलीतल्या सात गोळ्या कागदात गुंडाळून लायसनबरोबर पाठवल्या. गोळी एकच आहे, तिची आणि माझी. हेही नियमाबाहेर, लिहून ठेव. पुढच्या तपासणीला माझ्या गोळ्या कमी पडतील आणि मला ओरडा बसेल. बसू दे.

शनिवारी मी त्या बैठकीत जाणार आहे आणि सगळ्यांसमोर सांगणार आहे की लायसन भाड्याचा नवरा आहे आणि तो मी ठरवून दिला. ते सांगितल्याशिवाय वही सुटायची नाही. गावात सांगितलं की चार दिवसांत जिल्ह्यात पोचेल. तुझे आकडे खोटे ठरतील, पाहुण्यांसमोर तुझी मान खाली जाईल. दुसऱ्यांदा, माझ्यामुळे.

म्हणून हे पत्र. तमांडा, आईच्या वेळी मी खरं बोलले त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. पण तू माझ्या शेजारी बसली होतीस, माझा हात धरून. मला वाकून तुझ्या कानात सांगता आलं असतं की मी आता काय बोलणार आहे. एवढंसं. मी सांगितलं नाही. आईला काय झालं होतं आणि मला काय झालंय, हे तुला शंभर परक्या माणसांबरोबर कळलं. तो माझा दोष. सोयरीक त्या मामांनी मोडली, पण तुला एकटं मी पाडलं.

या वेळी आधी तुला सांगते आहे. शनिवारच्या आत हे तुझ्या हातात पडेल. मला अडवू नकोस, मी थांबणार नाही. फक्त तुला आधी कळावं.

ताई


रविवार, १७ एप्रिल २०१६

तमांडा,

तू मंगळवारी काय केलंस ते तुला माहीत आहे, पण शनिवारी काय झालं ते कुणी सांगितलं नसेल. आधी ते सांगते.

आंब्याखाली दोन्हीकडचे मामा बसले होते. मवांदिदा चटईवर, पोट सांभाळत. बेनेदिक्तो स्टुलावर, जोहान्सबर्गचे बूट घालून. वही मध्ये ठेवलेली. मी लायसनच्या सायकलवर मागे बसून गेले, त्यामुळे आम्ही दोघं एकत्र उतरताना बघून लोकांना काय वाटलं ते देवाला ठाऊक.

तिच्या मामाने लायसनला विचारलं, "ही तुझी बायको म्हणून वहीत आहे. खरं का?"

"खरं, मामा. ही आणि आणखी सोळा."

"काय?"

"सतरा जणींचा नवरा आहे मी. आणि एकीनेही आजवर मला जेवायला वाढलं नाही."

मागे बायका खुदखुदल्या. बेनेदिक्तो उठला, त्याची मूठ वळलेली होती. मी मध्ये उभी राहिले आणि सांगितलं. नियम काय आहे, चिठ्ठीला कोंबडी कशी लागते, पोरगी अकरा किलोमीटर चालून कशी परत गेली, आणि लायसनला मी कसं ठरवलं. म्हटलं, "दोष द्यायचा तर मला द्या. तिने फक्त डॉक्टरकडे जायला माणूस मागितला. तुमच्यापैकी कुणीच का गेलं नाही?"

कडेला प्रमुख बसले होते. कोंबडीचं नाव निघाल्यावर ते फार वेळ जमिनीकडे बघत राहिले.

मामा म्हणाला, "पण तपासणीत असं काय निघालं की वहीसाठी एवढा जीव टाकताय?"

मी तोंड उघडलं, आणि मिटलं. एकदा शिकले होते. मी मवांदिदाकडे बघितलं. ती म्हणाली, "ताई, मी सांगते. पण आधी यांना एकट्याला." आणि उठून नवऱ्याला घेऊन कणगीच्या मागे गेली. मला वाटतं, मामांच्या बैठकीत बाईने असं कधी केलं नसेल. बराच वेळ गेला. मग बेनेदिक्तो एकटा आला, स्टुलावर बसला नाही, वाकून वही उचलली आणि मला विचारलं, "किती दिवस चुकले?"

"दोन," मी म्हटलं.

"मग चला ना. बसलात काय?"

शनिवारी केंद्र बंद असतं. सिस्टर म्बेवेंना घरून उठवून आणलं. लायसनने मवांदिदाला मागे बसवलं आणि तिचा नवरा जोहान्सबर्गच्या बुटांनी अकरा किलोमीटर सायकलीच्या बाजूने चालला. त्याने तपासणी मात्र करून घेतली नाही. फाटकाबाहेर उभा राहिला. त्याला वेळ लागेल. मी त्याच्या मागे लागणारच आहे.

आता मंगळवार. मी बाकांजवळ होते. बायकांच्या रांगेत कुणीतरी जुनं चितेंजे गुंडाळून, डोक्याला फडकं बांधून बसलेलं होतं. मला वाटलं, मोठ्या वयाची गर्भार दिसते. मग तू मान वळवलीस. माझ्या हातातून तांब्या पडला, तो आवाज तू ऐकलास, पण माझ्याकडे बघितलं नाहीस.

सिस्टरनी वर न बघता विचारलं, "नवरा कुठाय?"

"नाही," तू म्हणालीस.

"प्रमुखाची चिठ्ठी?"

"तीही नाही."

"मग मागे जाऊन बस. आधी जोड्या होतील."

आणि तू मागे जाऊन बसलीस. आठ वाजल्यापासून दोनपर्यंत. मी पाणी आणलं, ते तू शेजारच्या मुलीला दिलंस. तिचे पाय सुजलेले होते आणि ती दुसऱ्यांदा परत जाणार होती. दोन वाजता तू उठलीस, भिंतीवरचा तुझ्या सहीचा कागद काढलास, चार घड्या केल्यास. सिस्टर ओरडल्या, "ए बाई, तो सरकारी कागद आहे!" तू म्हणालीस, "हो. माझाच आहे." सिस्टरचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण मला हसू आलं नाही.

जाताना माझ्याशी एकच वाक्य बोललीस. "पत्र शुक्रवारी मिळालं." म्हणजे शनिवारच्या आधी. मला दुसरं काही नको होतं.

पाहुण्यांचा दौरा रद्द झाला. काल कचेरीतून माझ्या नावाचा कागद आला. नोंदवहीत खोटी माणसं घातल्याबद्दल तीन महिने कामावरून दूर. खाली सही तुझी. वाईट वाटलं, नाही म्हणत नाही. पण बरोबर आहे, मी तुझ्या जागी असते तर हेच केलं असतं. तीन महिने मी बाकाच्या अलीकडे, फाटकाबाहेर झाडाखाली बसेन. तिथे बसायला कुणाची सही लागत नाही. सतरा जणींची घरं मला पाठ आहेत. एकेका खऱ्या नवऱ्याकडे जाणार आहे, आणि त्या आधी प्रत्येकीला विचारणार आहे. लायसन सायकल चालवेल. साबणाच्या दोन वड्या मागतोय हल्ली.

ताई


शुक्रवार, २२ जुलै २०१६

तमांडा,

आज आधी तेच लिहिते. मवांदिदाच्या बाळाचा निकाल आला. सहा आठवड्यांची असताना टाचेतून रक्त घेतलं होतं, कागद यायला पाच आठवडे लागले. पोरीला आजार नाही. अजून दूध सुटेपर्यंत दोनदा तपासायचं आहे, मी विसरणार नाही, पण आज नाही. आज आम्ही सगळ्या झाडाखाली नाचलो. सिस्टर म्बेवेसुद्धा नाचल्या, टोपी हातात धरून.

बेनेदिक्तो जूनमध्ये फाटकाच्या आत आला. त्याने स्वतःहून बोट पुढे केलं. निकाल काय ते त्याचं आहे, तो सांगेल त्याला कळेल. तो जोहान्सबर्गला परत गेला नाही एवढं मी सांगू शकते. सतरांपैकी अकरा नवरे आले. दोघांनी मला शिव्या घातल्या, एकाने कुत्रा सोडला. लायसनची पँट फाटली. राहिलेले सहाही येतील.

तुझा नवा कागद लागलाय. 'बाईने हवं असल्यास कोणालाही सोबत आणावं. कोणी नसेल तर एकटी यावं, तिला तिच्या क्रमाने घ्यावं.' सध्या आपल्या जिल्ह्यापुरता, असं खाली बारीक अक्षरात लिहिलंस. बारीक अक्षर मी वाचते, तमांडा. बाकीच्या देशाचं काय ते मी विचारत राहणार, दर महिन्याला, ड्रायव्हरबरोबर.

नव्या नोंदवहीत 'पती' हा रकाना गेला. आता तिथे 'सोबत कोण' असं आहे. मवांदिदाने आईचं नाव लिहिलं. एकीने सासूचं लिहिलं. एकीने लायसनचं लिहिलं, खरंखुरं, ते लग्न करतायत. सतरा लग्नांनंतर त्याला अक्कल आली.

माझे तीन महिने संपले. सोमवारी मी कामावर परत जाते. पण त्याच दिवशी माझी वर्षाची रक्ततपासणीही आहे, त्यामुळे आधी मलाच रांगेत बसावं लागेल. नऊ वर्षं मी एकटी बसत आले आहे आणि मला त्याची सवय आहे. नियमाने एकटीलाही घेतात आता. तरी सिस्टरना मी सांगितलंय की माझ्या नावापुढचा रकाना सोमवारपर्यंत मोकळा ठेवा.

पहिली मिनीबस पहाटे पाचला सुटते. रांग सातला लागते. पाणी तुझं तू आण, या वेळी ते कुणाला देऊन टाकू नकोस.

ताई